शैली विद्यार्थ्याची की विषयाची?

विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यापुढे जगात अनेक ठिकाणी एक प्रश्नावली ठेवली जाते. नवे यंत्र हाताळायचे असेल तर तुम्ही पुस्तिका वाचता, आकृती पाहता, कोणाला तरी विचारता, की सरळ बटणे दाबून बघता? अशा काही प्रश्नांची उत्तरे दिली की निकाल हाती येतो: तुम्ही दृक प्रकारात बसता, तुम्ही श्राव्य, तुम्ही वाचन-लेखनाचे, तुम्ही कृतीचे. ‘व्हार्क’ या नावाने ओळखली जाणारी ही चौकट न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी १९९२ मध्ये मांडली. त्याआधी १९८४ मध्ये डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याचे चक्र कल्पून शिकणाऱ्यांचे चार प्रकार पाडले होते. २००४ मध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रारूपांची मोजदाद केली तेव्हा ती ७१ भरली. शिक्षकांचा यावर किती विश्वास आहे याची पाहणी पॉल हॉवर्ड-जोन्स यांनी २०१४ मध्ये एकत्र मांडली. ब्रिटन, नेदरलँड्स, तुर्कस्तान, ग्रीस आणि चीन या पाचही देशांत नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षकांना हे खरे वाटत होते की, विद्यार्थ्याला त्याच्या शैलीतून शिकवले तर तो अधिक चांगले शिकतो. एवढे एकमत देवाच्या अस्तित्वाबद्दलही सापडणार नाही. वरवर हा अध्यापनशास्त्रातला एक किरकोळ सिद्धान्त दिसतो. पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक दावा आहे. एखादी गोष्ट कळण्याची वाट ही कळून घेणाऱ्याच्या स्वभावाने ठरते, असा तो दावा. तो खरा असेल तर विद्यार्थ्याचे गुण त्याची शैली आणि शिकवण्याची पद्धत यांच्या मेळावर अवलंबून राहायला हवेत. तो खरा नाही, असे मला वाटते, आणि का नाही हे समजायला मानसशास्त्राच्या प्रयोगांइतकीच वेदान्तातल्या एका भेदाची मदत होते.

ब्रह्मसूत्रावरील भाष्याच्या सुरुवातीलाच शंकराचार्यांनी क्रिया आणि ज्ञान यांच्यात एक रेघ ओढली आहे. क्रिया ही पुरुषतंत्र, म्हणजे करणाऱ्यावर अवलंबून. माणसाला गावाला जायचे असेल तर तो घोड्यावरून जाईल, पायी जाईल, आणखी कसा जाईल किंवा जाणारच नाही; तिथे निवड त्याची. ज्ञान मात्र वस्तुतंत्र. समोर खांब असेल तर तो खांबच आहे हे ज्ञान खरे, माणूस आहे हे ज्ञान खोटे. तिथे पाहणाऱ्याच्या पसंतीला विकल्प नाही. आचार्यांना हे ब्रह्मज्ञानाच्या संदर्भात सांगायचे होते आणि वेदाचे तात्पर्य कर्माच्या आज्ञेत आहे असे मानणाऱ्या मीमांसकांना उत्तर द्यायचे होते, वर्गात कसे शिकवावे हा त्यांचा प्रश्न नव्हता. तरीही शैलीच्या सिद्धान्ताची नेमकी चूक याच रेघेवर दिसते. त्याने वस्तूवर अवलंबून असलेली गोष्ट उचलून व्यक्तीच्या खात्यावर टाकली आहे. हृदयाच्या झडपा कोणत्या दिशेला उघडतात हे समजण्यासाठी काय करावे लागेल, याचे उत्तर हृदयाच्या रचनेत आहे. विद्यार्थ्याला गाणी ऐकायला आवडतात की चित्रे पाहायला, यात ते नाही.

तर्काने हे पटले तरी पुरावा हवा, आणि सुदैवाने या प्रश्नावर पुरावा कसा असावा हेसुद्धा कोणीतरी नीट सांगून ठेवले आहे. हॅरल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोरर आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेताना आधी कसोटी निश्चित केली. दृक आणि श्राव्य असे विद्यार्थ्यांचे गट आधी पाडा. मग प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चित्रांतून आणि निम्म्यांना बोलून शिकवा. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. दृक गटाला चित्रांचा आणि श्राव्य गटाला भाषणाचा फायदा झाला, म्हणजे आलेखावरच्या रेषा एकमेकींना छेदून गेल्या, तरच सिद्धान्त सिद्ध झाला. दोन्ही गटांना चित्रांचाच फायदा झाला तर सिद्ध होते ते एवढेच की त्या विषयाला चित्रे चांगली. या कसोटीला उतरणारे प्रयोग मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि जे उतरले त्यांतल्या अनेकांचे निष्कर्ष सिद्धान्ताच्या विरुद्ध होते. २०१५ मध्ये बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ऐकण्याची आवड असलेले आणि वाचण्याची आवड असलेले प्रौढ घेऊन काहींना मजकूर ऐकवला, काहींना वाचायला दिला. आवड आणि माध्यम जुळल्याने आकलनात फरक पडला नाही. विद्यापीठाच्या प्रत्यक्ष वर्गातला पुरावा अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून आला. तिथे पॉली हुसमन आणि व्हॅलरी ओलाफलिन यांनी शरीररचनाशास्त्राच्या पदवी वर्गातल्या चारशेहून अधिक विद्यार्थ्यांकडून व्हार्क प्रश्नावली भरून घेतली आणि ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हेही विचारले. सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थी आपल्या तथाकथित शैलीप्रमाणे अभ्यास करतच नव्हते. जे करत होते त्यांचे गुणही त्यामुळे वाढले नव्हते. गुणांशी संबंध दिसला तो काही ठरावीक अभ्यासरीतींचा, उदाहरणार्थ संगणकावरच्या सूक्ष्मदर्शकातून ऊतींचे नमुने पाहण्याचा. हा फायदा विद्यार्थी कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून नव्हता. ऊती ही पाहण्याची वस्तू आहे, म्हणून ज्यांनी ती पाहिली त्यांना ती कळली. इतके ते साधे आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला शिकवतो त्या प्रसंगांकडे या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. सूक्ष्मातून स्थूल कसे उपजते हे सांगताना तो वडाचे फळ आणवतो, फोडायला लावतो, आतले बी फोडायला लावतो आणि आत काय दिसते ते विचारतो. सत् सर्वत्र असूनही दिसत नाही हे सांगताना मीठ पाण्यात टाकून रात्रभर ठेवायला सांगतो आणि सकाळी वरचे, मधले, तळचे पाणी चाखायला लावतो. मन अन्नमय आहे हे सांगायची वेळ येते तेव्हा तो मुलाला पंधरा दिवस उपाशी ठेवतो, फक्त पाणी पिऊ देतो, आणि मग वेद म्हणायला सांगतो. श्वेतकेतूला काही आठवत नाही, जेवल्यावर आठवते. आजच्या प्रश्नावलीच्या हिशेबाने श्वेतकेतूला काय म्हणावे, कृतीप्रकारचा की चवीप्रकारचा? बारा वर्षे गुरुगृही राहून ऐकून-म्हणून वेद शिकलेला मुलगा श्राव्य ठरायला हवा होता. उद्दालकाने मुलाची आवड विचारलेली नाही. प्रत्येक वेळी जे दाखवायचे होते त्याला जे साधन लागू पडते ते त्याने वापरले: न दिसणाऱ्या सूक्ष्माला फोडणे, न दिसणाऱ्या व्याप्तीला चव, मनाच्या परावलंबनाला भूक. राग ऐकल्याशिवाय कळत नाही, कायद्याचे कलम वाचल्याशिवाय कळत नाही, गणिताची सिद्धता लिहून पाहिल्याशिवाय हातात येत नाही. स्वतःला दृक म्हणवणारा विद्यार्थी भूपाचा आलेख पाहून भूप शिकणार नाही.

यावर पहिला आक्षेप विद्यार्थ्यांकडूनच येतो. आपल्या पद्धतीने शिकवले की चांगले समजते, हा आमचा अनुभव आहे, तो खोटा कसा? अनुभव खोटा नाही, त्याचा अर्थ चुकतो. २०१७ मध्ये अॅबी नॉल आणि सहकाऱ्यांनी लोकांना शब्द आणि चित्रे लक्षात ठेवायला दिली आणि प्रत्येकाबरोबर हे किती लक्षात राहील असे वाटते हेही नोंदवून घेतले. शैलीचा संबंध निघाला तो या वाटण्याशी, प्रत्यक्ष आठवण्याशी नाही. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत लुई डेलॉरिये आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शैलींविषयी नव्हता, पण त्याने हेच दुसऱ्या बाजूने दाखवले. एकच विषय काहींना ओघवत्या व्याख्यानातून शिकवला, काहींना गणिते स्वतः सोडवायला लावून. दुसऱ्या गटाला चाचणीत अधिक गुण मिळाले, आणि आपण कमी शिकलो असेही त्याच गटाला वाटले. कारण झगडताना माणसाला आपले अज्ञान दिसत राहते, आणि सुरळीत व्याख्यान ऐकताना ते झाकलेले राहते. समजल्याचे समाधान आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे छांदोग्याच्या आठव्या अध्यायाला चांगले ठाऊक होते. इंद्र आणि विरोचन दोघेही प्रजापतीकडे आत्मज्ञानासाठी गेले, दोघांनी बत्तीस वर्षे ब्रह्मचर्य पाळले, दोघांना तेच शब्द ऐकवले गेले आणि दोघे शांत मनाने परत निघाले. विरोचन देहालाच आत्मा समजून असुरांकडे पोहोचला आणि तेच शिकवू लागला. इंद्र देवांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच थबकला: देह आंधळा झाला तर हा आत्माही आंधळा होणार, देह नष्ट झाला तर हाही नष्ट होणार, मग यात काय मिळाले? तो समिधा घेऊन परत आला. असे तीनदा झाले आणि एकूण एकशे एक वर्षे गेली. कथाकाराला या दोघांच्या शिकण्याच्या शैलीत रस नाही. विरोचनाने आपले समाधान हाच पुरावा मानला आणि इंद्राने त्या समाधानाची उलटतपासणी केली, एवढाच फरक तो दाखवतो. शैलीची प्रश्नावली विद्यार्थ्याला नेमके विरोचनासारखे वागायला शिकवते: तुला जिथे बरे वाटते तिथेच तुझे ज्ञान आहे.

दुसरा आक्षेप परंपरेतूनच येतो आणि तो जास्त वजनदार आहे. भारतीय धर्मविचाराने तर माणसागणिक वाट वेगळी हे मनापासून मानले आहे. गीतेत ज्ञान, कर्म, भक्ती अशा वाटा आहेत. इष्टदेवता ज्याची त्याने निवडायची आहे. महायान बौद्धांनी उपायकौशल्याचा सिद्धान्त करून असे म्हटले की, बुद्ध श्रोत्याची कुवत आणि कल पाहून उपदेश करतो. मग शैलीचा सिद्धान्त हा याचाच आधुनिक अवतार नाही का? इथे वर ओढलेली रेघ पुन्हा उपयोगी पडते. उपासना ही क्रिया आहे, म्हणून ती पुरुषतंत्र आहे. शंकराचार्यांनीही ध्यान-उपासनेला त्याच बाजूला ठेवले आहे. विठ्ठलाचे ध्यान करावे की देवीचे, यात भक्ताच्या कलाला जागा आहे, कारण तिथे मन लावायचे आहे, आणि ज्याचे मन जिथे लागते तिथेच ते लागणार. महायानाच्या सद्धर्मपुण्डरीक सूत्रातली जळत्या घराची कथाही हेच सुचवते. घराला आग लागली आहे, मुले खेळात रमली आहेत, बाप त्यांना ज्याच्या त्याच्या आवडीची गाडी देण्याचे आमिष दाखवतो: बकऱ्यांची, हरणांची, बैलांची. मुले धावत बाहेर येतात आणि बाप प्रत्येकाला एकसारखाच मोठा रथ देतो. आवडीचे काम त्यांना उंबरठ्याबाहेर आणण्यापुरते होते. विद्यार्थ्याच्या बाबतीत हा उंबरठा म्हणजे अभ्यासाला बसणे, टिकून राहणे, कंटाळा आल्यावर पुन्हा बसणे. सकाळी बसावे की रात्री, एकट्याने की मित्रांबरोबर, गोष्टीने सुरुवात करावी की आकृतीने, हे सगळे खुशाल ज्याचे त्याने ठरवावे. या पुरुषतंत्र भागाचा गुणांशी संबंध आहेच, आणि चांगला आहे. मिशेल रिचर्डसन, चार्ल्स अब्राहम आणि रॉड बाँड यांनी २०१२ मध्ये तेरा वर्षांचे संशोधन एकत्र करून विद्यापीठातल्या गुणांशी संबंधित पन्नास घटक तपासले. त्यांत सर्वांत ठळक संबंध दिसला तो आपल्याला अमुक गुण मिळतील या विद्यार्थ्याच्या स्वतःविषयीच्या खात्रीचा. नेटाने प्रयत्न सांभाळण्याची सवयही वरच्या घटकांत होती. मन कसे लागते हा स्वभावाचा भाग झाला. लागलेल्या मनाने काय करायचे हे मात्र विषय सांगतो.

तिसऱ्या आक्षेपाशी माझे फारसे भांडण नाही. विद्यार्थी खरोखर वेगळे असतात, शिक्षकाला ते रोज दिसते. असतातच. त्यांच्यातला सर्वांत कामाचा फरक पूर्वज्ञानाचा असतो. जॉन स्वेलर, स्लावा कालयुगा आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे की नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणे उपयोगी पडतात, आणि तीच उदाहरणे जाणकाराच्या मार्गात अडथळा होतात. जाणकाराने स्वतः सोडवलेले बरे. परंपरेत अधिकाराचा, म्हणजे ज्ञान घेण्याच्या पात्रतेचा, एक अर्थ असाच आहे. विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मुमुक्षा ही वेदान्ताची पूर्वतयारी मिळवायची असते, आणि आज नसलेली उद्या येऊ शकते. अंध विद्यार्थ्याला ब्रेल लागते, वाचनदोष असलेल्याला वेगळा वेळ आणि वेगळी साधने लागतात. ती त्याच्या हक्काची गरज आहे, तिला शैली म्हणून हलके करू नये.

पण मग चौथा माणूस म्हणतो, सिद्धान्त चुकीचा असला तरी बिघडले काय? त्या निमित्ताने शिक्षक चार पद्धती वापरतात, मागे पडलेल्या मुलाला धीर येतो. मला यातच खरे भय दिसते. अधिकार या कल्पनेचा एक चेहरा पूर्वतयारीचा असला तरी दुसरा चेहरा आपल्या इतिहासाने पुरता पाहिला आहे. ज्ञान वस्तुतंत्र आहे असे सांगणाऱ्या त्याच भाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, शूद्राला वेदाधिकार नाही हेही सिद्ध केले आहे. विदुराला ज्ञान झाले होते हे नाकारता येत नाही, म्हणून त्याचे श्रेय पूर्वजन्मीच्या संस्कारांना दिले आहे, आणि बाकीच्यांसाठी इतिहास-पुराणे ठेवली आहेत. ज्ञान जर वस्तूवर अवलंबून असेल तर जाणणाऱ्याचा जन्म मध्ये येतो कुठून, हा प्रश्न आचार्यांच्याच सिद्धान्ताने त्यांना विचारायला हवा होता. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा विरोध करणाऱ्यांचा आधारही स्त्रीला शिकण्याचा अधिकारच नाही हाच होता. शैलीची प्रश्नावली कोणाला दाराबाहेर ठेवत नाही, आणि तिचे हेतू नक्कीच चांगले आहेत. दोन्हींना एका तराजूत घालणे अन्याय होईल. तरी विचाराची घडण सारखी आहे: तू अमुक प्रकारचा आहेस, म्हणून अमुक तुझ्यासाठी नाही. फरक एवढाच की इथे विद्यार्थी स्वतःच स्वतःला वगळतो. ‘मी व्हिज्युअल आहे, मला मोठा मजकूर वाचवत नाही’ असे म्हणणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याला धीर मिळालेला नाही, सबब मिळाली आहे. ज्या कुवतीचा सराव त्याने करायला हवा होता ती आपल्या स्वभावात नाही असे त्याला शास्त्राच्या नावाने सांगितले गेले आहे.

ज्ञान हे जाणणारा स्वतः रचतो, ते जसेच्या तसे वस्तूकडून येत नाही, असे म्हणणारे तत्त्वज्ञ या सगळ्या मांडणीला भाबडी म्हणतील. त्यांचे म्हणणे मान्य केले तरी निष्कर्ष बदलत नाही. रचना कोणीही करो, ती टिकते की कोसळते हे विषयच ठरवतो. चुकीची सिद्धता कितीही स्वतःच्या शैलीत लिहिली तरी चुकीचीच राहते.

उरतो तो गुणांचा प्रश्न, आणि इथे मात्र वस्तुतंत्र असणे एका विचित्र रीतीने उलटते. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात फेरेन्स मार्टन आणि रोजर सेल्यो यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना मजकूर वाचायला दिला आणि नंतर त्यांनी तो कसा वाचला ते विचारले. काहींनी शब्द आणि तपशील पकडून ठेवले होते, काहींनी लेखकाला काय म्हणायचे आहे ते शोधले होते. दुसऱ्यांचे आकलन खोल होते. पुढच्या प्रयोगात त्यांनी दोन गटांना वेगवेगळ्या तऱ्हेचे प्रश्न विचारत नेले, तेव्हा वाचनाची रीतही त्या अपेक्षेप्रमाणे बदलू लागली. म्हणजे खोल किंवा उथळ वाचन हा विद्यार्थ्यात कायमचा कोरलेला प्रकार नव्हता. पुढे काय विचारले जाणार याचा तो अंदाज होता. आपल्या विद्यापीठांत जिथे प्रश्नपत्रिका मागच्या काही वर्षांचीच आलटून पालटून येते आणि गाइडातली उत्तरे चालतात, तिथे विद्यार्थी ज्या वस्तूचा अभ्यास करतो ती वस्तू म्हणजे विषय नसून प्रश्नपत्रिका असते, आणि तो तिला अगदी योग्य अशा साधनाने, घोकंपट्टीने, सामोरा जातो. त्याची पद्धत चुकलेली नाही. अशा ठिकाणी कोणत्या शैलीच्या विद्यार्थ्याला किती गुण पडले याचे तक्ते करणाऱ्या संशोधकांनी आधी गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर गुणांमधल्या फरकाचे बरेचसे कारण विद्यार्थ्यांना एकही प्रश्न न विचारता सापडू शकेल.